मावशीच्या जागी आई

३ नोव्हें., सोम.
प्रुफं आली. ‘माउलीची सावली’. मुखपृष्ठावर समई टाकलीय. मी सांगितलं नव्हतं, पण वाईट दिसत नाही. दोन ठिकाणी ‘माऊली’ दीर्घ झालंय, ते कळवलं. आईवरच्या सगळ्या कविता एका जागी. कचेरीतून निवृत्त झालो की लगेच काढू म्हणत होतो, त्यालाही आता वर्षं झाली.

संध्याकाळी देसले सरांचा फोन. आमच्या काव्यमंडळाचे सचिव, उत्साही माणूस. “प्रकाशन आईंच्याच हस्ते. ज्यांच्यावर पुस्तक त्याच व्यासपीठावर. भिवंडीत असं कुणी केलं नसेल.” पटलं. आवडलंही.
शैला भाजी चिरता चिरता म्हणाली, “आधी आईंना विचारा.” बायकोचं हे नेहमीचं.

९ नोव्हें., रवि.
कोनला जाऊन आलो. आये तिथे धाकट्या भावाकडे, बाळारामकडे असते. गणपतीनंतर आजच गेलो. दर महिन्याला जायचं ठरवतो आणि…
ओटीवर सुकट निवडत बसली होती. डोळ्यांना कमी दिसतं तरी बोटं झरझर. प्रकाशनाचं सांगितलं.
“मी येऊन काय कराचा?”
“तुझ्यावर पुस्तक आहे, आये.”
“माझ्यावर?” थांबली. “मी काय केलं?”
बाळाराम हसला. मीही. मग ती म्हणाली, येईन, पण पायऱ्या चढणार न्हाय. तळमजलाच आहे म्हटलं.
पुस्तकात काय आहे, तिनं विचारलं नाही. मीही वाचून दाखवलं नाही. तिला वाचता येत नाही आणि मी तिच्यासमोर तिच्यावरच्या कविता कधी म्हटलेल्या नाहीत. लाज वाटते. नाक्यावर रिक्षा लवकर मिळाली नाही, ट्रेलरांची रांग कल्याणपर्यंत.

१५ नोव्हें., शनि.
रेवती ठाण्याहून आली. पोरगी कॉलेजात शिकवते, कविता लिहिते, मुक्तछंदात. माझं तिच्याविषयी मत तिला माहीत आहे, तिचं माझ्याविषयीचंही मला.
प्रकाशनाला तिनंही एक कविता म्हणावी असं देसले सरांनी परस्पर ठरवलंय. तिनं ती वाचून दाखवली. आयेवरच. सुरुवात अशी–

चांगुणाबाय कांडी भरते
आणि शिव्या देते मालकाला, मुकादमाला,
तुटणाऱ्या धाग्याला.
सुट्टीच्या दिवशी रशीदाबरोबर
पहिल्या रांगेत बसून पिक्चर बघते
आणि हिरोईन रडली की हसते.

पुढे बरंच. कामतघरची चाळ, कांडीवर सूत भरायची तो यंत्रमागाचा कारखाना, तोंडातलं पान.
म्हटलं, “आजीच्या शिव्या कशाला? आणि पान? लोक समोर बसलेले असतील. ती स्वतः असेल.”
“आजीनंच सांगितलं हे सगळं.”
“सांगितलं म्हणून लिहायचं? आईवर लिहिताना काही एक…” शब्द सुचला नाही. पावित्र्य म्हणणार होतो.
“बाबा, तुमच्या कवितेतली आई कुणाचीही आई असू शकते.”
“तेच तर हवं. ऐकणाऱ्याला आपली आई दिसली पाहिजे.”
“सगळ्यांना आपापली दिसली. मग आजी कुणाला दिसणार?”
शैलानं मधे चहा आणून ठेवला. मी म्हटलं, ही कविता त्या दिवशी नको. रेवतीनं वाद घातला नाही. “ठीक. तुमचा दिवस आहे,” एवढंच. कागद घडी करून पर्समध्ये टाकला. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

१७ नोव्हें., सोम.
पत्रिका छापून आल्या. रेवतीचं नाव तसंच राहिलंय. ती आता निवेदन करणार.
पिक्चरचं मला माहीत नव्हतं. रशीदा कोण तेही नाही.

२३ नोव्हें., रवि.
प्रकाशन झालं.
वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. आये नवं लुगडं नेसून, बाळारामच्या हाताला धरून आली. देसले सर वाकून पाया पडले तेव्हा संकोचली. मी तीन कविता म्हटल्या. शेवटची ती सगळ्यांची आवडती, ‘घास’–

उन्हातान्हातून राबून आली
पोटाला चिमटा काढून
माउलीने घास भरविला
फुंकर त्यावर घालून

पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. दर वेळी लावतात. तापाचं कडवं आलं, उशाशी रातभर बसलेली माउली, तेव्हा मागून कुणीतरी ‘वा’ म्हणालं.
मग देसले सरांनी आयेपुढे माइक धरला. कार्यक्रमात नव्हतं हे. “आई, दोन शब्द. मुलानं एवढं लिहिलंय.”
आयेनं माइक हातात घेतला. बिचकली नाही अजिबात.
“चांगला लिवलंय,” म्हणाली. “जनी असती तं तिला लय बरं वाटलं असतं.”
आणि माइक परत दिला.
टाळ्या झाल्या. देसले सरांनी मला हळूच विचारलं, जनी कोण? मावशी माझी, म्हटलं, वारली. “वा, बहिणीची आठवण काढली बघा,” म्हणून त्यांनी तेच माइकवरून सांगितलं. पुन्हा टाळ्या.
रेवती निवेदनाचा कागद हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं.
प्रती बऱ्याच गेल्या. सह्या केल्या.

२४ नोव्हें., सोम.
सकाळी पुस्तक घेऊन बसलो. पहिल्या पानापासून.
फुंकर घालून भरवलेली पेज. वळची, मावशीच्या गावची.
तापात तळपायाला कांदा चोळणारे हात. वळचे.
जांभळीखाली मांडीवर डोकं. वळ.
ओल्या पदरानं पुसलेलं तोंड. वळ.
चौथ्या वर्षापासून नऊ वर्षांचा होईतो मी वळला होतो, जनामावशीकडे. आईबाप कामतघरला. हे मला ठाऊक आहे, कुणी विचारलं तर सांगतोही, “लहानपणी काही वर्षं मावशीकडे होतो.” पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवल्या नाहीत. ठाऊक होतं आणि नव्हतं.

लिहूनच टाकतो. पहिली कविता ‘मावशी’ अशीच होती. कचेरीत नवा लागलो होतो. मंडळाच्या बैठकीत म्हटली. शांतता. अध्यक्षस्थानी एक वयस्क कवी होते, गेले आता बिचारे, प्रेमानंच म्हणाले, “मावशीच्या जागी आई घाल. कविता उभी राहील.” मात्रासुद्धा फारशा हलल्या नाहीत. पुढच्या बैठकीत म्हटली आणि सभागृह… त्यानंतर मावशी कधी सुचलीच नाही. आई म्हटलं की समोरचा निम्मा आधीच रडलेला असतो. मावशी म्हटलं की समजावून सांगावं लागतं.
जनामावशी माझ्या लग्नानंतर दोनेक वर्षांत गेली. मूलबाळ नव्हतं. तिच्यावर एक ओळ नाही माझी. असून नाही.

३० नोव्हें., रवि.
कोन. सांगायला गेलो होतो की माझं चुकलं. पण बोलली तीच.
बाळारामची बायको आत भाकऱ्या करत होती. आये ओटीवर सूप घेऊन, मी खाली पायरीवर.
म्हटलं, “तू त्या दिवशी जनामावशीचं नाव घेतलंस.”
“तिचीच गाणी हायेत ती. माझी कंची?”
“मी तुझ्या नावानं लिहिलीत.”
“नाव माझं. बाय ती हाय.” रागानं नाही म्हणाली. भाजी कुठली आणलीस, तसं. “तुना ताप आला तवा मी कारखान्यात. दुसऱ्या दिशी सांगावा आला. येईस्तवर तू बरा होऊन खेलत होतास.”
मग सगळं. मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. चाळीत कापसाची धूळ, मला सारखा खोकला, डॉक्टर म्हणाले पोराला इथे ठेवू नका. म्हणून वळ. मला वाटायचं कामाला अडचण होत होती म्हणून.
“सुट्टी असली का मी याची. चालत. तू मना बगून जनीच्या पाठी दडाचास. तिचा पदर तोंडात धराचास. जनी तुना म्होरं ढकलाची, जा रं, आये हाय तुझी. तू न्हाय याचास. मंग मी खाऊ उंबऱ्यावर ठेवाची आन निंगाची.”
“मला आठवत नाही.”
“तुना कसा आठवंल.”
कोंबडी हाकलली तिनं.
मग म्हणाली, “जनीवर लिवलंस त्याचा मना वाईट न्हाय. तिनंच तुना मोठा केला. पन तिचा नाव टाकाचास.” आणि थोड्या वेळानं, सुपाकडे बघत, “माझ्यावर एक बी न्हाय का रं?”
आतून जेवायला हाक आली. बरं झालं. नाही, बरं नाही झालं. उत्तर द्यायला हवं होतं. नाही, आये, एकही नाही, एवढं तरी.

३ डिसें., बुध.
रेवतीला फोन केला. तिची कविता मागितली. शेवटपर्यंत नीट ऐकलीच नव्हती मी.
“आता कशाला?”
“वाचायची आहे.”
“आजीला वाचून दाखवलीय मी. लिहिली त्याच आठवड्यात. पुन्हा पुन्हा म्हणायला लावली तिनं. रशीदाचं नाव आलं की हसायची.”
हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं, मी ‘नको’ म्हणून मोकळा झालो होतो.
म्हटलं, पुढच्या बैठकीत म्हण. मी स्वतः घोषणा करतो.
“नको बाबा. तुम्ही नको म्हणालात ना, तेव्हापासून तिच्यात हात घालवत नाही. प्रत्येक ओळ वाचताना वाटतं, ही लोकांसमोर चालेल का. आधी असं वाटत नव्हतं.”
पुढे बोलणं झालं नाही. कविता पाठवली नाही. मी पुन्हा मागितली नाही.
मला ज्यांनी सांगितलं, त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला होता. मी पोरीची अख्खी कविताच…

७ डिसें., रवि.
वळला गेलो. कशाला ते नक्की माहीत नव्हतं. मावशीचा एखादा फोटो मिळाला तर पुढच्या आवृत्तीत टाकावा, असं काहीतरी.
घर होतं तिथे गोदाम. पुढेही गोदाम, मागेही. जांभळीची जागासुद्धा सांगता आली नसती. गेटवरचा वॉचमन खुर्ची सोडून आला. “किसको ढूँढ रहे हो, चाचा?” म्हटलं, इधर हमारा घर था. ‘हमारा’ का म्हटलं? मावशीचं होतं. तो म्हणाला, “यहाँ तो सबका था.” चेष्टा नव्हती, सहजच.
मावशीच्या दिराचा मुलगा गावात आता बंगल्यात राहतो. चांगलं स्वागत केलं. फोटो नाही. त्याची आई म्हणाली, जनी फोटो काढाला उभीच न्हाय राहाची, पोरं सांभाळत मागं असाची.
परत येताना तिचा चेहरा आठवून बघितला. हात आठवतात. आवाज आठवतो, हळू. चेहऱ्याच्या जागी ती समई येते.

१४ डिसें., रवि.
आठवडाभर आयेवर लिहायचा प्रयत्न. पहिला शब्द माउलीच येतो. खोडला की दुसरा राबली. तोही खोडला की काहीच नाही. चौसष्ट वर्षांचा माणूस, आईविषयी स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहिता येऊ नये.
म्हणून तिलाच विचारायला गेलो. आये थोडी खोकत होती, पण खुशीत.
“कारखान्याचं सांग काहीतरी.”
“काय सांगू? आवाज. कान फाटाचं. बाजूची बाय बोलली तरी आयकू येत नव्हतं. आमी तोंडाकडं बगून समजाचो. रशीदा त्या टोकाला, मी या टोकाला, दिसभर गप्पा.” हसली. मग, “तिथं वरडून वरडून घरी बी तसाच आवाज निंगाचा. तू घाबराचास. जनी हलू बोलाची.”
एवढंच ते. मावशीकडे ओढ का, तर ती हळू बोलायची.
घरी येऊन हे जसंच्या तसं उतरवलं. कविता नाही. पण खोडावंसं वाटलं नाही.

२१ डिसें., रवि.
देसले सरांकडे. उरलेल्या प्रतींत एक पान चिकटवू म्हटलं, या कविता माझ्या मावशीच्या आहेत असं. खर्च माझा.
त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग, “राग मानू नका. शाळावाले गॅदरिंगला ‘घास’ बसवतायत, पोरं पाठ करतायत. आता त्यांना मावशी सांगायची? लोक आईसाठी पुस्तक घेतात. मावशीसाठी कोण घेतं?”
“पण खरं तेच आहे.”
“भावना खरी आहे ना? मग झालं.”
हेच मी रेवतीला सांगितलं असतं महिन्यापूर्वी, याच शब्दांत. म्हणून त्यांच्यावर रागावताही येईना. पान छापायला टाकलंय. ते चिकटवू देतील का बघायचं.

४ जाने., रवि.
आयेचा खोकला वाढलाय. कल्याणच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. छाती जुनी खराब आहे म्हणाले, धुळीत काम करत होत्या का? बाळाराम माझ्याकडे बघायला लागला. हो, म्हटलं, कांडी भरायची. पहिल्यांदाच बोललो हे कुणा परक्यापुढे.
जी धूळ मला नको म्हणून मला वळला धाडलं, तिच्यातच ती पुढे बसून राहिली.
घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. बोलणं कमी ठेवा म्हणालेत.

११ जाने., रवि.
बुधवारपासून कोनलाच आहे. शैलानंच बॅग भरून दिली, “जा. राहा.”
लग्नानंतर इथे सलग इतका कधी राहिलो नव्हतो. आये माझ्याशी पाहुण्यासारखी वागते. पाणी हवं तर बाळारामच्या बायकोला हाक मारते. मी उठलो तर, “तू बस.” काल उठवून बसवताना खांद्याला धरलं तर अंग ताठ केलं तिनं. मीही केलं. दोघं तसेच, मग ती म्हणाली, “सोड, सुनेला बोलाव.”
सुनेनं एका हातानं उचलून बसवलं.
मी चिडलो नाही. हे माझ्याकडून सुरू झालंय, उंबऱ्यावरून. पोर होतो तेव्हा, दोष नाही म्हणतील लोक. नसेल. पण नंतरही पन्नास वर्षं होती.

१४ जाने., बुध.
संक्रांत. शैला तिळगूळ घेऊन आली, दुपारी गेली. आयेनं तिळाचा कण जिभेवर ठेवला. मला म्हणाली, “गोड बोल.” मग स्वतःच हसली आणि त्यातून खोकला. हसवायचंही नाही आता.

१८ जाने., रवि.
रेवती सकाळीच आली. माझ्याशी नीट बोलली. तिची कविता अजून बंदच आहे, विचारलं नाही, तिनंच सांगितलं. “बघू,” म्हणाली. आजीच्या केसांना तेल लावत बसली. आयेचं अंग तिच्या हातात किती सैल होतं.
मी उतरवून ठेवलेलं तिला दाखवलं. कारखान्याचा आवाज, ओठ, मावशी हळू बोलायची ते, पायरीवरचं बोलणं. वाचून म्हणाली, “हे आजीला वाचा.”
“‘ही बी मी न्हाय’ म्हणाली तर?”
“म्हणू दे.”
धीर झाला नाही. दुपारी जेवणानंतर आयेची गादी ओटीवर उन्हाला आणली. मी बाजूला लिहीत होतो, हेच, वरचं. कागद वाजलेले तिला ऐकू आले असावेत.
“काय लिवतंस?”
“तुझ्याविषयी.”
“जनीचं न्हाय ना?”
“नाही. तुझंच.”
मशीनची घरघर. मग तिनं हातानं जवळ बोलावलं. नाकावरची नळी स्वतःच बाजूला केली, रेवती नको नको म्हणेपर्यंत.
“मंग तुझ्या जलमाच्या दिसाचं लिव. तवा जनी नव्हती. कोन बी नव्हतं. मी एकलीच व्हते, आन–”
खोकला आला. बराच. रेवतीनं नळी लावली, पाठ चोळली. आयेनं माझ्याकडे बोट केलं, थांब असं. थांबलो. मग डोळे मिटले तिचे.
चार वाजून गेले. झोपलीय अजून. रेवती म्हणते, “आज राहू द्या बाबा, दमलीय ती. उद्या विचारा.”
बसलोय. मी एकलीच होते आणि